अकरा फुटांचा ड्राइव्हवे, दोन गाड्या आणि आईचे गुडघे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, चुकलं असेल तर सांगा. ईस्ट बेमधल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को बे एरियाच्या पूर्व भागातल्या, नव्या वसाहतीत चार बेडरूमचं घर पसंत पडलंय, किंमत साडेअठरा लाख डॉलरच्या आसपास. गॅरेज दोन गाड्यांचं, कागदावर १९ फूट रुंद आणि २० फूट खोल, दार १६ फुटांचं. एजंटने ड्राइव्हवे १६ फुटांचा सांगितला होता. तुम्ही टेप लावलीत तर गॅरेजच्या दारापासून फुटपाथच्या कडेपर्यंत ११ फूटच भरले. घरात एक टोयोटा सिएना मिनीव्हॅन आणि एक टेस्ला मॉडेल वाय. वर्षातले सहा महिने आईबाबा येऊन राहतात, आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. एजंटचं म्हणणं, "सगळेच ड्राइव्हवेवर लावतात, कोणी काही बोलत नाही." तर घर घ्यावं का?

मी आठ वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात छोट्या प्लॉटवरच्या घरांचे नकाशे काढले आणि गेली चौदा वर्षं बे एरियात घरांची तपासणी करते. शाळा, ऑफिसचं अंतर, कर्जाचा हप्ता यांबद्दल मी बोलणार नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. माझ्या दृष्टीने तुमचा खरा प्रश्न एवढाच आहे: रोज रात्री दोन्ही गाड्या कुठे उभ्या राहणार, आणि आई गाडीतून कुठे उतरणार. याचं उत्तर बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे. समोरचा रस्ता शहराचा आहे की वसाहतीचा खासगी, एचओएच्या, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघटनेच्या, कागदांत काय लिहिलंय, गॅरेजमध्ये गिझर आणि पायऱ्या नेमक्या कुठे आहेत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमच्या घराची सवय काय. पण काही गोष्टी तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच सांगता येतात.

ड्राइव्हवेपासून सुरुवात करू. १६ आणि ११ मधला फरक पाच फुटांचा, म्हणजे बरोबर एका फुटपाथची रुंदी. एजंटने किंवा बिल्डरच्या माणसाने रस्त्याच्या कडेपासून, कर्बपासून मोजलंय. असं मी अनेकदा पाहिलंय, आणि दर वेळी त्यात लबाडीच असते असंही नाही. काही जणांना खरंच वाटतं की सिमेंट जिथवर दिसतं तिथवर ड्राइव्हवे. पण फुटपाथ तुमचा नाही. मॉडेल वाय साधारण १८७ इंच लांब, म्हणजे १५ फूट ७ इंच. ती गॅरेजच्या दाराला नाक टेकवून उभी केली तरी साडेचार फूट बाहेर येणार, म्हणजे जवळजवळ पूर्ण फुटपाथ अडणार. सिएना १७ फुटांची, ती तर रस्त्यापर्यंत पोचेल.

कॅलिफोर्नियात व्हेईकल कोडचं, म्हणजे वाहन कायद्याचं, कलम २२५००, पोटकलम एफ, याबद्दल स्पष्ट आहे: फुटपाथवर गाडी उभी करायची नाही, आणि गाडीचा कुठलाही भाग फुटपाथवर आलेलाही चालत नाही. "कोणी काही बोलत नाही" हे कुणीतरी बोलेपर्यंतच खरं असतं. तिकीट द्यायला एका शेजाऱ्याची तक्रार पुरते. तिकिटापेक्षाही दुसरी गोष्ट माझ्या मनाला जास्त लागते. ईस्ट बेमधल्याच ट्राय-व्हॅली भागातल्या एका वसाहतीत मी तपासणीला गेले होते. ओळीने सात-आठ घरं, सगळ्यांचे ड्राइव्हवे दहा-बारा फुटांचे, आणि प्रत्येकावर एक एसयूव्ही शेपूट बाहेर काढून उभी. एक आजोबा वॉकर घेऊन चालत होते. प्रत्येक गाडीपाशी ते फुटपाथवरून उतरायचे, रस्त्यावरून वळसा घालून पुन्हा वर यायचे. वॉकरची पुढची चाकं वर चढवताना दर वेळी थांबून श्वास घ्यायचे. माझं काम संपेपर्यंत ते कोपऱ्यापर्यंतही पोचले नव्हते. तुमची आई संध्याकाळी फिरायला बाहेर पडेल तेव्हा तिच्या वाट्याला हाच फुटपाथ येणार आहे. म्हणून तुमचा स्वतःचा ड्राइव्हवे कसा वापरायचा याचा निर्णय घेताना हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा.

मुळात ११ फूट हे माप बनतंच कसं, हेही सांगते, कारण नकाशाच्या टेबलावर मी ते बनताना पाहिलंय. आमच्या कामात एक सांगणं असायचं आणि अनेक शहरांच्या नियमांतही ते असतं: ड्राइव्हवे एक तर पाच फुटांच्या आत ठेवा, नाही तर १८-२० फूट द्या. पाच फुटांवर कुणालाच मोह होत नाही, तिथे गाडी उभी राहूच शकत नाही हे दिसतं. वीस फुटांवर गाडी सुखाने मावते. मधलं माप सगळ्यात वाईट, कारण गाडी अर्धी मावते आणि माणसाला वाटतं, एवढंसं तर बाहेर येतंय. पण जमीन महाग, प्रत्येक घराला मागे थोडं अंगण हवं, स्वयंपाकघर मोठं हवं, मग घर पुढे सरकत जातं आणि ड्राइव्हवे १२, ११, १० होत जातो. म्हणून माझा सल्ला: या घराचा ड्राइव्हवे हिशोबात शून्य धरा. सामान उतरवायला, आईला उतरवायला दोन मिनिटं थांबायची जागा, तीही गाडीचं नाक उघड्या गॅरेजमध्ये घेऊन, एवढाच त्याचा उपयोग.

आता गॅरेज. १९ फूट म्हणजे २२८ इंच. मॉडेल वायची रुंदी आरसे सोडून साधारण ७६ इंच, सिएनाची साडेअठ्ठ्याहत्तर. दोन्ही मिळून १५४ इंच, उरले ७४. लोक इथेच थांबतात आणि म्हणतात, "सहा फूट जागा उरते, झालं की." पण ही सहा फूट जागा एका ठिकाणी नसते. गाडी दारातून सरळ आत जाते, आणि दार १६ फुटांचं, म्हणजे प्रत्येक गाडीच्या वाट्याला ९६ इंच. मॉडेल वायचे आरसे उघडे असतील तर ती जवळपास ८४ इंच होते. म्हणजे दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच. अगदी नव्या, वर्षभरही न राहिलेल्या घरांत दाराच्या चौकटीवर आरशाच्या उंचीला काळे, पांढरे, लाल ओरखडे मला कितीदा दिसलेत. तपासणीला गेले की मी चौकटीचा तेवढा भाग आधी बघते. मागच्या मालकाने गॅरेज खरंच गाडीसाठी वापरलं का आणि ते सोपं होतं का, हे दोन्ही त्यावरून कळतं.

दोन्ही गाड्या सरळ आत घेतल्या तर, दार मधोमध आहे असं धरून, बाहेरच्या भिंतींकडे २७-२८ इंच उरतात आणि दोन गाड्यांच्या मध्ये १९ इंच. मोठ्या माणसाला दार उघडून, पाठीला लॅपटॉपची बॅग घेऊन बाहेर पडायला निदान २४ इंच तरी हवेत असा माझा अनुभव. १९ इंचांत माणूस तिरका होऊन, पोट आत घेऊन निघतो, आणि दाराची कड शेजारच्या गाडीला लागते. आता बघा, दोन्ही गाड्या नाक आत करून लावल्या तर उजवीकडच्या गाडीचा ड्रायव्हर नेमका या १९ इंचांत उतरणार. रोज. दोन-तीन महिने तो सहन करतो, आणि मग एके दिवशी गाडी ड्राइव्हवेवर ठेवायला लागतो. सवय मोडते ती अशीच, या पाच इंचांपायी.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. डावीकडची गाडी नाक आत करून लावा आणि उजवीकडची रिव्हर्समध्ये आत घ्या. मग दोन्ही ड्रायव्हर भिंतीच्या बाजूला, २७-२८ इंचांत उतरतात. तुमच्याकडे सिएना डावीकडे ठेवा. तिची मागची दारं सरकती आहेत, मुलांना मधल्या अरुंद जागेतही दार न आपटता निघता येईल. मॉडेल वाय उजवीकडे, उलटी. टेस्लाचं चार्जिंगचं तोंड मागे डाव्या बाजूला असतं. गाडी उलटी लावली की ते बरोबर गॅरेजच्या आतल्या उजव्या कोपऱ्यात येतं. तेव्हा चार्जर उजव्या भिंतीवर, मागच्या टोकाला बसवून घ्या. केबल कुणाच्या पायात येणार नाही. कॅलिफोर्नियात गेल्या काही वर्षांत बांधलेल्या अशा घरांत चार्जरच्या वायरसाठी नळी आधीच टाकलेली असते, फक्त ती कुठे उघडते ते आत्ताच विचारा. ती समोरच्या डाव्या कोपऱ्यात असेल आणि भिंती अजून बंद झालेल्या नसतील तर बिल्डरकडून जागा बदलून घेणं सगळ्यात स्वस्त पडतं. पुढेमागे गाडी बदलाल तेव्हा हा हिशोब पुन्हा करावा लागेल, कारण जुन्या निसान लीफचं तोंड नाकावर असतं आणि आयोनिक ५ चं मागे उजवीकडे.

रिव्हर्स लावण्याचा आणखी एक फायदा मला फार महत्त्वाचा वाटतो. ड्राइव्हवे आखूड असला की गॅरेजच्या दारातून निघालेली गाडी काही सेकंदांत फुटपाथवर येते. सकाळी घाईत मागे मागे येणाऱ्या गाडीला स्कूटरवरचं पोर उशिरा दिसतं. मागचा कॅमेरा मे २०१८ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या गाड्यांत सक्तीचा झाला, पण भिंतींच्या मधून निघताना बाजूने येणारं मूल त्यात आयत्या वेळीच दिसतं. नाक पुढे करून निघालात तर काचेतून निदान तुमचं तुम्हाला दिसतं. संध्याकाळी रिव्हर्स घ्यायला तीस सेकंद जास्त लागतील, ती द्या.

खोलीचा हिशोबही तेवढाच तंग आहे. २० फूट म्हणजे २४० इंच, सिएना २०४. उरले ३६. पुढे चालायला दोन फूट सोडले तर मागे दारापर्यंत एक फूट. यात एक धोका फारसा कुणी सांगत नाही. गॅरेजच्या दाराचे सुरक्षेचे सेन्सर, जे १९९३ पासून नव्या मोटरींना सक्तीचे आहेत, ते जमिनीपासून सहा इंचांच्या आत बसवतात. गाडीचा मागचा बंपर त्याहून वर असतो. बंपर चार इंच बाहेर राहिला असेल तर किरण त्याच्या खालून निघून जातो, सेन्सरला वाटतं जागा मोकळी आहे, आणि दार बंपरवर उतरतं. आपटल्यावर ते उलटं फिरतं हे खरं, पण तोवर रंग गेलेला असतो. त्यामुळे सिएनाच्या पुढच्या चाकासाठी जमिनीवर रबरी अडसर चिकटवा किंवा छतापासून दोरीने चेंडू टांगा, जो काचेला टेकला की थांबायचं. आणि डिकी उघडताना आधी गॅरेजचं दार पूर्ण वर जाऊ द्या. डिकी वर गेल्यावर छताखालच्या आडव्या दाराला लागते का, तेही एकदा हळू उघडून बघा.

हे सगळं कागदावरच्या मापांवर चाललंय. प्रत्यक्षात ती कमी भरतात. नकाशावरचं माप पुष्कळदा लाकडी चौकटीपासून धरलेलं असतं, वर प्लास्टरबोर्ड चढला की दोन्ही बाजूंनी मिळून इंचभर गेलं. खाली पायाचं काँक्रीट भिंतीच्या बाहेर आलेलं असेल तर आणखी. घरातून गॅरेजमध्ये उतरणाऱ्या दोन-तीन पायऱ्या हा सगळ्यात मोठा चोर. त्या गाडीच्या दाराच्या समोर आल्या तर २७ इंचांचा काही अर्थ उरत नाही. गिझर जमिनीवर असेल तर त्याच्यापुढे गाडीची धडक अडवायला लोखंडी खांब असतो, तोही जागा खातो आणि तो काढायचा नसतो.

तुम्ही म्हणाल, हे सगळं मी तिथे जाऊन बघितलंय की. बघा आठवून. नव्या वसाहतीतल्या नमुना घराचं गॅरेज बहुतेक वेळा विक्रीचं ऑफिस असतं. आत एसी, गालिचा, टेबलं, भिंतीवर मोठा नकाशा. तिथे गाडी कधी शिरलेलीच नसते. लोक स्वयंपाकघराचा ओटा हात फिरवून बघतात आणि गॅरेजच्या मापाचा विचार पहिल्यांदा करतात तो चावी हातात आल्यावर. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या डेली सिटीच्या वेस्टलेक भागात, जिथे दुसऱ्या महायुद्धानंतरची जुनी घरं आहेत, तिथे एका कुटुंबाकडे एफ-१५० पिकअप होता. आरसे धरून त्याची रुंदी जवळजवळ ९६ इंच. गॅरेजचं दार ८ फुटांचं, म्हणजे ९६ इंच. तपासणीच्या दिवशी मी टेप धरली तेव्हा त्या घरातल्या बाई बराच वेळ त्या टेपकडेच बघत राहिल्या.

सामानाचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण माझ्या मते सगळं इथेच ठरतं. लॉस एंजेलिसमधल्या ३२ मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरांचा यूसीएलएच्या संशोधकांनी २००० नंतरच्या दशकात बारकाईने अभ्यास केला होता. तीनचतुर्थांश गॅरेजांत गाडी ठेवायला जागाच नव्हती, इतकं सामान. आपल्या लोकांच्या घरी यात भर पडते ती तांदळाच्या पोत्यांची, दुसऱ्या फ्रिजची, गणपतीच्या मखराच्या खोक्यांची आणि भारतात न्यायच्या रिकाम्या बॅगांची. मला त्यात काही वावगं वाटत नाही, घर म्हटलं की हे आलंच. पण तुमच्या गॅरेजमध्ये जमिनीवर एकही वस्तू ठेवायला जागा नाही, हे आत्ताच मान्य करा. गाड्यांच्या नाकावरची छताखालची जागा मात्र मोकळी असते. तिथे टांगत्या मांडण्या चांगल्या बसतात, फक्त दाराचे रूळ आणि मोटर सोडून. दुसरा फ्रिज हवाच असेल तर तो घरात. व्यायामाची सायकल हवी असेल तर तीही घरात.

बऱ्याच एचओएंच्या नियमांत गॅरेज गाड्यांसाठीच वापरावं असं लिहिलेलं असतं, आणि काही ठिकाणी वर्षातून एकदा दार उघडून दाखवायला सांगतात. पाहुण्यांच्या जागी तुम्ही स्वतः रात्रभर लावलेली चालते का, पाहुण्याला किती रात्री मिळतात, नोंदणी करावी लागते का, हे सगळं त्याच कागदांत असतं. घर आधीच्या मालकाकडून घेत असाल तर हे कागद खरेदीआधी देणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे; नव्या घरात ते बिल्डरकडे असतात. मागा आणि पार्किंगचं पान स्वतः वाचा. एजंटच्या सारांशावर राहू नका. रस्ता खासगी असेल तर लाल रंगाच्या कडेपाशी पाच मिनिटंही थांबू नका. अग्निशामक गाडीला किमान २० फूट मोकळा रस्ता लागतो, आणि तिथून गाडी उचलून नेतात ते बरोबरच आहे.

शहराचा रस्ता असेल तर कडेला जागा मिळेल, पण ती पूर्वीपेक्षा कमी झाली आहे. २०२५ पासून क्रॉसवॉकच्या, म्हणजे पायी रस्ता ओलांडायच्या जागेच्या, अलीकडे २० फुटांत गाडी उभी केली तर तिकीट मिळतं, तिथे लाल रंग असो वा नसो. आणि जवळपास जुनी घरं असतील तर त्यांतली गॅरेजं एडीयू, म्हणजे त्याच प्लॉटवरची छोटी स्वतंत्र घरं, होत चालली आहेत. कायद्याने त्या गॅरेजमधल्या पार्किंगची भरपाई करावी लागत नाही, म्हणजे त्या गाड्याही रस्त्यावर येतात. भाड्याने राहणाऱ्याला घर मिळतं हे चांगलंच आहे, पण तुमची तिसरी गाडी समोर सहज मावेल असं धरून चालू नका.

तर घर घ्यावं का? तुमच्या घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं असेल की दोन्ही गाड्या रोज रात्री आत जाणार, तर घ्या. तुमच्या या दोन गाड्यांसाठी १९ बाय २० चालतं, तंग आहे पण चालतं, आणि सिएनाची सरकती दारं तुमच्या बाजूने आहेत. आईंना मात्र गॅरेजमध्ये उतरवू नका, दोन्ही गाड्यांच्या प्रवाशांची बाजू मध्ये येते. त्यांना ड्राइव्हवेवर, गॅरेजच्या दाराबाहेर, सपाट जागी उतरवा आणि मग गाडी आत घ्या. पण तुमच्यापैकी एकाच्याही मनात गॅरेजचं ऑफिस किंवा जिम करायचा विचार असेल, किंवा मुलगा दोन वर्षांत गाडी चालवायला लागणार असेल, तर हे घर सोडा आणि थोडं लांब, थोडं जुनं, पण २० फुटी ड्राइव्हवेचं घर शोधा.

करारातून मागे फिरायची मुदत संपायच्या आधी एक शनिवार द्या. तुमच्याच प्रकाराचं बांधून झालेलं, रिकामं घर दाखवायला सांगा आणि दोन्ही गाड्या घेऊन जा. एक सरळ, एक उलटी, आत लावून बघा. दार बंद करा. मुलांना मागून उतरवा, तुम्ही ड्रायव्हरच्या दाराने उतरा, घराच्या पायऱ्यांपर्यंत चालत जा. बिल्डरने गाडी आत न्यायला नकार दिला तर जमिनीवर चिकटपट्टीने दोन्ही गाड्यांचे आयत आखा. मग मंगळवारी रात्री दहाला वसाहतीत चक्कर मारा आणि फुटपाथवर किती गाड्यांची शेपटं आलीत ती मोजा. परत आलात की मला तीन आकडे कळवा: भिंत ते भिंत जमिनीलगतची रुंदी, पायऱ्या कुठल्या भिंतीपासून किती बाहेर येतात, आणि गिझर कुठल्या कोपऱ्यात आहे. पायऱ्या डाव्या भिंतीला असतील तर वर सांगितलेली डावी-उजवी बदलावी लागेल, आणि मग चार्जरची जागाही.